भरून आणलेला ऑक्सिजन लवकर का संपतो? छोट्या विमानातल्या पोर्टेबल सिस्टिमची तपासणी

तक्रार साधारण अशी असते. शनिवारी सिलिंडर भरून आणला तेव्हा दाबाचा काटा २,००० पीएसआयवर होता. रविवारी पहाटे विमानात ठेवताना पाहिलं तर १,७००. डोंगरापलीकडे एक फेरी मारली की ५००-६०० उरतात. पुन्हा भरायला न्या, पुन्हा पैसे द्या. असं तीन-चारदा झालं की माणूस म्हणतो, सिलिंडरच लहान पडतोय, मोठा घेऊन टाकू. कोलोरॅडोत स्वतःचं किंवा क्लबचं विमान उडवणाऱ्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मला सतत येतो. माझं सांगणं एकच असतं. मोठा सिलिंडर घेण्याआधी ऑक्सिजन नेमका जातो कुठे ते शोधा. बहुतेक वेळा सिलिंडर पुरेसा असतो. तो भरलेलाच नसतो, गळत असतो, किंवा आपण गरजेपेक्षा दुप्पट ऑक्सिजन सोडत असतो.

बारामतीला किंवा धुळ्याला उडायला शिकलेल्यांना हा विषय नवा वाटतो, आणि ते साहजिक आहे. कळसूबाई ५,४०० फूट. सह्याद्री ओलांडायला ऑक्सिजन लागत नाही. इथे रॉकीजमध्ये १४ हजार फुटांवरची पन्नासहून अधिक शिखरं एकट्या कोलोरॅडोत आहेत, आणि आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे, उडताना डोंगराळ भागात अडथळ्याच्या २,००० फूट वर राहावं लागतं. म्हणजे १६ हजारांच्या वर जाणं ओघानेच आलं. अमेरिकेचा नियम असा: १२,५०० फुटांच्या वर ते १४,००० पर्यंत पायलटला अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचं असेल तर त्या जास्तीच्या वेळात ऑक्सिजन घ्यायलाच हवा, १४ हजारांच्या वर पायलटला पूर्ण वेळ, १५ हजारांच्या वर विमानातल्या प्रत्येकाला तो उपलब्ध करून द्यायला हवा. हे कायद्याचं किमान झालं. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, स्वतःच दिवसा १० हजारांवर आणि रात्री ५ हजारांवर ऑक्सिजन घ्यायची शिफारस करते, कारण अंधारात दिसणं सर्वांत आधी कमी होतं. मी ही शिफारसच नियम म्हणून पाळतो.

तपासणी सुरू करण्याआधी एक गोष्ट. खाली लिहिलेलं सगळं जमिनीवर करायचं. हवेत असताना प्रवाह थांबला, काटा खाली आला, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आकडा पडला, तर कारण शोधत बसू नका. कंट्रोलरला सांगा आणि खाली या. १८ हजार फुटांवर ऑक्सिजन तुटला तर नीट विचार करण्याजोगा वेळ साधारण २० ते ३० मिनिटं असतो, २५ हजारांवर तो ३ ते ५ मिनिटांवर येतो. या काळात माणसाला त्रास वाटत नाही, उलट बरं वाटतं. म्हणूनच हे धोकादायक आहे.

आता पहिला प्रश्न: सिलिंडर खरंच भरला होता का?

घाईत भरलेला सिलिंडर तापतो. हाताला चांगला गरम लागत असताना काटा २,००० दाखवत असेल, तर तो २,००० खोटा आहे. हिशोब सोपा आहे: तापमान सेल्सिअसमध्ये घ्या, त्यात २७३ मिळवा, आणि दाब त्या प्रमाणात कमी-जास्त होतो असं धरा. आतला वायू ५० अंशांवर असताना २,००० असेल, तर २० अंशांवर आल्यावर साधारण १,८१० उरतो. पहाटे थंड हँगरमध्ये उणे १० असेल तर १,६३०. तुमचे 'गेलेले' ३०० पीएसआय बहुतेक वेळा इथेच सापडतात. कुठेही गळती नाही, कोणी फसवलंही नाही. भरणाऱ्याने घाई केली.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण यातच गोंधळ होतो. सिलिंडरवर लिहिलेली क्षमता २१ अंश सेल्सिअसला धरलेली असते. त्या तापमानाला २,००० असलेला सिलिंडर थंडीत नेला आणि काटा १,८०० वर आला, तर ऑक्सिजन तेवढाच आहे, काहीही गमावलेलं नाही. पण गरम असताना २,००० ला झडप बंद केली असेल तर मुळात भरलाच कमी आहे. दोन्ही वेळा काटा खाली येतो, अर्थ मात्र वेगळा. त्यामुळे काट्याच्या आकड्याशेजारी तापमान लिहायची सवय लावा. नुसता दाब लिहून ठेवलेली वही पुढे काही सांगत नाही.

तापमानाच्या भानगडीत पडायचं नसेल तर वजन करा. ही युक्ती मला फार आवडते, कारण वजन थंडी-उन्हाने बदलत नाही. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे जवळपास १.३३ ग्रॅम. अमेरिकेतला 'डी' आकाराचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर भरला की आत ४२५ लिटर, म्हणजे अर्ध्या किलोच्या थोडा वर ऑक्सिजन असतो. स्वयंपाकघरातल्या पाच किलोच्या डिजिटल वजनकाट्यावर ते व्यवस्थित कळतं. वजनकाटा मात्र स्वच्छ पुसून घ्या, तेलाचा हात लागलेला नको. का ते पुढे येईलच.

भरण्याची योग्य गती मिनिटाला जास्तीत जास्त २०० पीएसआय. म्हणजे जवळपास रिकामा सिलिंडर भरायला नऊ-दहा मिनिटं लागायलाच हवीत. दोन मिनिटांत भरून हातात दिला तर समजून जा. गती कमी ठेवण्यामागे फक्त भरपूर भरावं हा हेतू नाही. ऑक्सिजन झटक्यात दाबला गेला की नळीच्या टोकाला तापमान एकदम चढतं, आणि तिथे तेलाचा अंश, धूळ किंवा चुकीचा रबर असेल तर पेट घेतो. झडप उघडायची ती अगदी सावकाश, प्रत्येक वेळी.

जे लोक स्वतः भरतात त्यांची अडचण निराळी. त्यांनी एक मोठा सिलिंडर भाड्याने आणलेला असतो, आपण कोविडच्या काळात ज्याला जंबो म्हणायला शिकलो तसाच. पहिल्यांदा मस्त भरतं, दुसऱ्यांदा थोडं कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी, आणि मग 'मोठा सिलिंडर गळतोय' अशी शंका येते. तो गळत नसतो. आकडे बघा: मोठ्याची आतली जागा ४९ लिटर, दाब २,२०० पीएसआय; आपल्या 'ई' आकाराच्याची आतली जागा ४.७ लिटर, दाब २०० पीएसआय उरलेला. दोन्ही जोडून दाब सारखा झाला की २,०२५ येतो. छान. पुढच्या वेळी तोच प्रयोग केला तर १,८६५. त्याच्या पुढच्या वेळी १,७२०. मोठ्यात अजून तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त ऑक्सिजन शिल्लक आहे, पण तो तुमच्या सिलिंडरात यायला पुरेसा दाबच उरलेला नाही.

यावर उपाय म्हणजे दोन मोठे सिलिंडर ठेवणं. आधी कमी दाबाच्या सिलिंडरातून जितकं येईल तितकं घ्यायचं, झडप बंद करायची, आणि उरलेली भर ताज्यातून टाकायची. वरच्याच उदाहरणात जुन्याने १,५८५ पर्यंत आणलं तर २,०१५ गाठायला ताज्यातून फक्त शेवटचे ४३० पीएसआय घ्यावे लागतात आणि ताज्याचा दाब जेमतेम ४० ने उतरतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे ताज्यापासून सुरुवात केली, तर दुसरा सिलिंडर ठेवण्याचा काही उपयोग होत नाही. हँगर शेजाऱ्यांपैकी तिघं-चौघं मिळून असे दोन सिलिंडर ठेवतात तेव्हा खर्चही वाटला जातो. हे मी मनापासून सुचवतो, पण तेल-ग्रीसपासून दूर जागा, साखळीने बांधलेले सिलिंडर आणि ऑक्सिजनसाठीच बनवलेली, दाब सोडायची झडप असलेली नळी, एवढं करायची तयारी असेल तरच.

भरणं ठीक निघालं तर गळतीकडे वळा. गळती शोधायला साबणाची बाटली घेऊन सगळीकडे फवारत सुटू नका. आधी ती कुठल्या अर्ध्या भागात आहे ते ठरवा. रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवणारा भाग) लावा, सगळे फ्लोमीटर (मिनिटाला किती ऑक्सिजन जातो ते दाखवणारे) बंद करा, सिलिंडरची झडप सावकाश उघडा, काटा स्थिर झाला की झडप बंद करा. आता काट्यावर दिसतो तो फक्त झडपेच्या पुढच्या भागातला दाब. पंधरा मिनिटं थांबा. काटा घसरला तर गळती रेग्युलेटर, जोड किंवा नळ्यांमध्ये आहे. तिथे आत वायू फार थोडा असल्यामुळे बारीक गळतीही लगेच दिसते. काटा हलला नाही तर सिलिंडर सुटा करून वजन करा, आठवडाभराने पुन्हा करा. कमी झालं असेल तर दोष झडपेत आहे, आणि झडपेचं काम आपलं नाही. ते सिलिंडर तपासणाऱ्या अधिकृत दुकानाचं.

पुढच्या भागात गळती असेल तर सगळ्यात आधी वॉशर बघा. मेडिकल पद्धतीच्या सिलिंडरला, म्हणजे दोन पिनांवर बसणाऱ्या आणि वरून स्क्रू आवळायच्या सीजीए ८७० जोडाला, रेग्युलेटर आणि झडप यांच्यामध्ये एक वॉशर असतो. सिलिंडरबरोबर मिळणारा नायलॉनचा वॉशर एकदाच वापरायचा असतो. लोक तो महिनोन्‌महिने वापरतात, तो दबून चपटा होतो, गळायला लागतो, मग पकड घेऊन स्क्रू अजून आवळतात. २००६ मध्ये एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं बघणारी) आणि नायॉश (कामगारांची सुरक्षा बघणारी) या अमेरिकी संस्थांनी याच सवयीबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण त्यातून रेग्युलेटर पेटले होते. पितळी कडं आणि आत रबर असलेला पुन्हा वापरता येणारा वॉशर मिळतो. तो घ्या, फाटला-चिरला की बदला, आणि स्क्रू हातानेच आवळा. हाताने आवळून गळत असेल तर वॉशर वाईट आहे, तुमची ताकद कमी नाही.

गळतीची नेमकी जागा दाखवायला ऑक्सिजनसाठी मान्य असलेला द्रवच वापरा. भांडी घासायच्या साबणात काय काय असतं ते आपल्याला माहीत नसतं. आट्यांना प्लंबिंगची साधी टेप नको, कुठलंही वंगण नको. सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, डोक्याचं तेल या सगळ्या पेट्रोलियम किंवा तेलाच्या वस्तू आहेत. खोबरेल लावलेल्या हाताने रेग्युलेटर धरू नका, आधी हात धुवा.

तिसरी जागा म्हणजे फ्लोमीटर. माझ्या पाहण्यात सर्वाधिक ऑक्सिजन इथेच वाया जातो. बऱ्याच फ्लोमीटरवर दोन पट्ट्या छापलेल्या असतात: एक साध्या कॅन्युलासाठी (नाकात बसणारी नळी) किंवा मास्कसाठी, दुसरी ऑक्सिजन वाचवणाऱ्या कॅन्युलासाठी, ज्याला नाकाखाली मिशीसारखी छोटी पिशवी असते. वाचवणारी कॅन्युला लावायची आणि फ्लोमीटरमधली प्रवाह दाखवणारी गोळी साध्याच्या पट्टीवर ठेवायची, असं केलं तर पैसे खर्चून घेतलेल्या कॅन्युलाचा फायदा शून्य. उलटं केलं तर ऑक्सिजन कमी पडतो, आणि ते जास्त वाईट. एकच पट्टी खरी धरा आणि दुसरी चिकटपट्टीने झाकून टाका. फ्लोमीटर उभा धरूनच वाचायचा. सीटवर आडवा पडलेला फ्लोमीटर काहीही दाखवतो. शिवाय चढताना वाढवलेला प्रवाह उतरताना कमी करायला लोक विसरतात.

साध्या कॅन्युलाचा अंदाज असा धरतात: दर १० हजार फुटांना माणशी मिनिटाला एक लिटर. डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला १६,५०० फुटांवरून दोघं निघालात तर मिनिटाला ३.३ लिटर. 'डी' सिलिंडरचे ४२५ लिटर दोन तास दहा मिनिटांत संपतात, आणि सेस्ना १८२ सारख्या छोट्या विमानाला तिथे पोचायलाच अडीच-तीन तास लागतात. म्हणजे सगळं नीट चालू असूनही एकतर्फी प्रवास पुरा होत नाही. इथे दोष सिस्टिमचा नाही, हिशोबाचा आहे. वाचवणारी कॅन्युला लावली तर वापर निम्मा किंवा त्याहून कमी होतो आणि जाणं आरामात निघतं. श्वास घेतानाच ऑक्सिजन सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं, ज्यांना पल्स-डिमांड म्हणतात, त्याहूनही कमी वापरतात. तुम्ही नेहमी दोघंच आणि १६ हजारांच्या आसपास उडत असाल, तर मोठ्या सिलिंडरचे पैसे अशा यंत्रात घाला. मोठा सिलिंडर जड असतो, नीट बांधायला जागा मागतो, आणि वाया जाणारा ऑक्सिजन वायाच घालवत राहतो.

पल्स यंत्राबद्दलची नेहमीची तक्रार, 'नवीन आणलं पण जमिनीवर लावून बघितलं तर चालतच नाही.' त्याच्यावर कुठली सेटिंग आहे ते बघा. काही सेटिंगमध्ये ते ५ हजार किंवा १० हजार फुटांनंतरच ऑक्सिजन द्यायला लागतं. तपासताना लगेच सुरू होणाऱ्या सेटिंगवर ठेवा. तोंडाने श्वास घेणाऱ्याला आणि सर्दीने नाक चोंदलेल्याला मात्र ते ओळखू शकत नाही. आणि बॅटरी संपली की ते बंद, म्हणून एक साधी कॅन्युला आणि तिला जोडता येईल असा साधा फ्लोमीटर बॅगेत असू द्या. कॅन्युला १८ हजार फुटांपर्यंतच. त्यावर मास्क, आणि दाढी असेल तर मास्क नीट बसतोय का ते जमिनीवर बघून घ्या.

सिलिंडर भरलेला, गळती नाही, प्रवाह बरोबर, आणि तरी बोटातल्या ऑक्सिमीटरवर ८५-८६ येत असेल तर? आधी बोट गरम करा. थंड बोटावर आणि नेलपॉलिशवर तो चुकतो. मग नळीचा माग काढा. सीटच्या रुळाखाली दबलेली नळी मी पुष्कळदा पाहिली आहे. कॅन्युला जुनी होऊन कडक झाली असेल तर बदला. प्रवाशाला सांगा की गप्पा थोड्या कमी करून नाकाने सावकाश श्वास घे.

याउलट आकडा ९७ आहे पण डोकं दुखतंय, मळमळतंय, तर ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. पिस्टन इंजिनाच्या विमानात केबिनचं हीटर एक्झॉस्टभोवतीच्या हवेवर चालतं. तिथे तडा गेला की विषारी वायू सरळ आत येतो. हीटर बंद, ताजी हवा चालू, ऑक्सिजन चालू, आणि जवळच्या विमानतळावर उतरा. आवाज करणारं कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर ऑक्सिमीटरइतकंच आवश्यक आहे.

खरेदीच करायची असेल तर माझा क्रम लोकांच्या उलटा आहे. आधी भरून देणारा शोधा, मग सिलिंडर घ्या. विमानतळावरचं सर्व्हिस सेंटर विमानात बसवलेली सिस्टिम भरतं, पण हातातला सिलिंडर भरायला अनेक ठिकाणी नकार मिळतो. ग्लायडर क्लब आणि डायव्हिंगची काही दुकानं भरून देतात. त्यांना फोन करून विचारा की कुठला जोड भरता: मेडिकल पिनांचा ८७० की मोठ्या सिलिंडरचा आट्यांचा ५४०. त्यांच्याकडे असेल तोच घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला सिलिंडर भरायला कोणीच तयार नाही, ही तक्रार माझ्याकडे गळतीच्या खालोखाल येते.

आकाराच्या अक्षरांपासूनही जपा. भारतात 'डी टाइप' म्हणजे जंबो, ७,००० लिटरचा. अमेरिकेत 'डी' म्हणजे हातात उचलून नेता येईल असा, ४२५ लिटरचा. 'ई' साधारण ६८० चा. घरी फोनवर बोलताना किंवा जुन्या मित्राचा सल्ला घेताना लिटरमध्येच बोला.

वापरलेला सिलिंडर घेत असाल तर खांद्यावरचे ठसे वाचा. ३एएल म्हणजे अॅल्युमिनियम, ३एए म्हणजे स्टील, पुढचा आकडा म्हणजे कामाचा दाब, जसं २०१५. त्यानंतर महिना आणि वर्ष असलेला हायड्रो चाचणीचा, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीचा, ठसा. या दोन्ही प्रकारांना ती चाचणी साधारणपणे दर पाच वर्षांनी लागते, आणि तारीख उलटली असेल तर कुठलाही जबाबदार माणूस भरून देणार नाही, देऊही नये. ३एचटी हा पातळ स्टीलचा हलका प्रकार विमानांमधून निघून बाजारात येतो. त्याला दर तीन वर्षांनी चाचणी आणि २४ वर्षांचं आयुष्य. बाहेरून कार्बन फायबर गुंडाळलेले सिलिंडर उचलायला सुखाचे, पण त्यांचं आयुष्य साधारण १५ वर्षांवर संपतं, मग ते नव्यासारखे दिसोत. बारा वर्षांचा असा सिलिंडर निम्म्या किमतीत मिळाला तरी तो महागच पडतो.

ऑक्सिजन कुठला भरायचा यावर हँगरमध्ये तासन्‌तास वाद चालतात. मेडिकल, वेल्डिंगचा आणि विमानाचा, हे तिन्ही द्रवरूप हवेतूनच वेगळे काढतात, हे खरं आहे. पण विमानाच्या ऑक्सिजनला ९९.५ टक्के शुद्धता आणि ओलाव्याची फार कडक मर्यादा असते, कारण थंडीत रेग्युलेटरमध्ये पाणी गोठलं तर प्रवाह थांबतो. वेल्डिंगच्या सिलिंडरबद्दल माझी हरकत वायूला नाही, त्या सिलिंडरच्या आधीच्या मालकांना आहे. त्यात उलट्या दिशेने काय शिरलं असेल ते कोणालाच माहीत नसतं. मेडिकलसाठी अमेरिकेत डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्यामुळे गॅस विकणाऱ्या दुकानात जाऊन विमानाचाच ऑक्सिजन मागा आणि त्याचा दाखला घ्या. किमतीतला फरक एका तासाच्या पेट्रोलपुढे काहीच नाही.

आपला सिलिंडरही कधी पूर्ण रिकामा होऊ देऊ नका. दाब संपला आणि झडप उघडी राहिली की बाहेरची दमट हवा आत जाते. मी २०० पीएसआयला थांबतो. गाडीतून नेताना झडप बंद, रेग्युलेटर काढलेला, सिलिंडर लोळणार नाही असा बांधलेला. उन्हात बंद गाडीत तो ठेवून जेवायला जाऊ नका.

आणि जे १८ हजारांच्या जवळपास नेहमी उडतात त्यांनी ओक्लाहोमा सिटीला एफएएच्या संस्थेत उंचीचा अनुभव देणारं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं. पायलटना ते फुकट मिळतं. ऑक्सिजन कमी पडला की तुमच्या शरीरात पहिली खूण कुठली उमटते, बोटांना मुंग्या, गरम वाटणं की उगाच हसू येणं, हे तिथे कळतं. ती खूण प्रत्येकाची वेगळी असते. तुमची खूण तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा.